संविधान सभेतल्या एकमेव मुस्लिम बाई : बेगम एजाज रसूल आणि सोडून दिलेल्या राखीव जागा

कोरांटी

संविधान सभेत पंधरा बायका होत्या. त्यातल्या किती नावं पटकन आठवतात? सरोजिनी नायडू, विजयालक्ष्मी पंडित, राजकुमारी अमृत कौर, हंसाबेन मेहता. दुर्गाबाई चिंतामणरावांमुळे आपल्याला घरच्या वाटतात. इथवर बहुतेकांची गाडी येते आणि थांबते. या पंधरांत मुस्लिम बाई एकच होत्या, आणि त्यांचं नाव मी तरी शाळा-कॉलेजात कधी ऐकलं नाही. बेगम कुदसिया एजाज रसूल.

थोडक्यात ओळख. जन्म १९०९, पंजाबातल्या मालेरकोटला संस्थानाच्या नवाब घराण्यात. वडील सर झुल्फिकार अली खान स्वतः राजकारणात होते आणि मुलीला शिकवण्याच्या बाबतीत काळाच्या पुढचे. १९२९ मध्ये लग्न झालं अवधमधल्या संडीलाचे (जिल्हा हरदोई) तालुकदार (म्हणजे बडे जमीनदार) नवाब एजाज रसूल यांच्याशी. सासरी कडक गोषा. १९३५ च्या कायद्याने प्रांतांत निवडणुका आल्या तेव्हा नवरा-बायको दोघंही मुस्लिम लीगमधून राजकारणात उतरले. १९३७ मध्ये बाई संयुक्त प्रांताच्या विधान परिषदेवर निवडून आल्या, त्याही स्त्रियांसाठी राखीव नसलेल्या जागेवरून. मौलवींनी फतवा काढला की गोषातल्या बाईने निवडणूक लढवणं धर्माविरुद्ध आहे. तरी जिंकल्या. लगेच परिषदेच्या उपसभापती झाल्या, १९४० पर्यंत ते पद त्यांच्याकडे होतं.

१९४६ मध्ये लीगतर्फे संविधान सभेवर निवड. फाळणीनंतर त्या इथेच राहिल्या. १९५० मध्ये काँग्रेसमध्ये गेल्या, १९५२ मध्ये राज्यसभेवर, पुढे १९६९ ते १९७१ उत्तर प्रदेशात मंत्री. २००० साली पद्मभूषण, २००१ मध्ये निधन.

आता मुद्द्याचं. संविधान सभेत मुस्लिमांसाठी कायदेमंडळांत राखीव जागा ठेवायच्या की नाहीत हा प्रश्न आला तेव्हा बाई म्हणाल्या, नकोत. राखीव जागा हे आत्मघातकी हत्यार आहे आणि त्याने अल्पसंख्य कायमचे बहुसंख्यांपासून तुटतील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. ज्या पक्षाचं सगळं राजकारण वेगळ्या मतदारसंघांवर उभं होतं त्या पक्षाच्या त्या सदस्य होत्या!

तुम्हाला काय वाटतं? ते धाडस होतं, सोय होती, की चूक?

उंटावरचा_शहाणा

ही जागा राखीव. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

टिकली

उंटराव, या धाग्यावर जागा राखून ठेवताय? बेगमसाहेबांना काय वाटेल!

सातबारा

लेख छान, पण जरा पाय जमिनीवर ठेवू. नवाबाची लेक, तालुकदाराची सून. १९३७ ला मत द्यायला मालमत्ता किंवा शिक्षण लागायचं, आणि वरच्या सभागृहाचा मतदार तर त्याहून निवडक. म्हणजे खानदानी लोकांनी आपल्यातल्याच एकीला निवडून दिलं. लखनौच्या गल्लीत चिकनचं भरतकाम करणारी बाई त्या निवडणुकीत कुठे होती? 'अग्रणी' वगैरे शब्द वापरताना एवढं लक्षात असावं, इतकंच.

हिरवा_चाफा

@सातबारा, अंशतः मान्य. पण त्या न्यायाने विजयालक्ष्मी आनंदभवनातल्या आणि अमृत कौर कपूरथळ्याच्या राजघराण्यातल्या. त्या पिढीतल्या जवळपास सगळ्याच बायका वरच्या घरांतून आल्या. दाक्षायणी वेलायुधन हा ठळक अपवाद, संविधान सभेतल्या एकमेव दलित स्त्री.

मला दोन गोष्टी वेगळ्या वाटतात. एक म्हणजे राखीव नसलेली जागा. १९३५ च्या कायद्यात प्रांतिक विधानसभांमध्ये स्त्रियांसाठी जागा होत्या, मुस्लिम स्त्रियांसाठीही होत्या. तो सरळ रस्ता होता. बाई पुरुषांशी लढून आल्या, आणि फतवा डोक्यावर घेऊन आल्या. खानदानी घराला फतवा कमी लागतो असं थोडंच आहे? उलट इज्जतीचा प्रश्न जास्तच.

दुसरी गोष्ट तुमच्या आयडीला आवडेल अशी. संयुक्त प्रांतात जमीनदारी निर्मूलन आलं तेव्हा अवधचे तालुकदार झाडून विरोधात होते. बाईंनी पाठिंबा दिला. आपल्याच घरच्या इस्टेटीवर नांगर फिरवणारा कायदा होता तो.

सातबारा

जमीनदारीचं माहीत नव्हतं, त्याचे गुण द्यायला हवेत. पन्नास टक्के.

टिकली

पेपर तपासणारे आलेत, सावधान.

कोरांटी

@सातबारा, तुमच्या चिकनवालीचा मुद्दा मात्र मी खोडणार नाही. बाईंच्या सार्वजनिक आयुष्यात खालच्या वर्गाची मुस्लिम बाई कुठे दिसते हे शोधायला गेलं तर फार हाती लागत नाही.

बोरूबहाद्दर

एक दुरुस्ती आधीच करून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी व्हॉट्सॅपवरून आणून टाकणार नाही. देशातल्या पहिल्या महिला उपसभापती या नाहीत. तो मान मद्रासच्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डींचा, १९२७ चा.

आणि 'एकमेव मुस्लिम बाई' यालाही एक छोटी शेपटी आहे. १९४६ च्या निवडीत लीगतर्फे आणखी दोघी होत्या. पंजाबातून बेगम जहाँआरा शाहनवाज (या आधी लंडनच्या गोलमेज परिषदेला गेलेल्या) आणि बंगालमधून शाइस्ता सुहरावर्दी इक्रामुल्ला. दोघी पुढे पाकिस्तानच्या संविधान सभेत बसल्या, आणि तिथल्या संविधान सभेत त्या दोनच स्त्रिया. म्हणजे आपल्याकडचं 'एकमेव' हे फाळणीने केलेलं आहे.

पानगळ

मला बाईंच्या कर्तृत्वाबद्दल शंका नाही, पण एक प्रश्न कोणी विचारत नाहीये म्हणून विचारते. १९४६ ची निवडणूक लीगने कशावर लढवली? पाकिस्तानवर. लीगने संविधान सभेवर बहिष्कार घातला होता, ९ डिसेंबर १९४६ ला पहिली बैठक भरली तेव्हा लीगची बाकं रिकामी होती. मग देश तुटल्यावर इथे राहिलेले लीगवाले सभेत आले आणि म्हणाले, आम्हाला वेगळं काही नको. अहो, आधी घर जाळायला काडी पुढे करायची आणि मग पाण्याची बादली घेऊन यायचं, याला दूरदृष्टी म्हणायचं का? १९५० ला लीग बरखास्त, की लगेच काँग्रेस. वाऱ्याची दिशा बाईंना चांगली कळत होती एवढंच मला दिसतं.

निमसरकारी

+१ पानगळ. रोखठोक.

कोरांटी

@पानगळ, प्रश्न रास्त आहे, आणि 'संधिसाधू' हा शिक्का तेव्हाही मारला गेला असणारच. पण घटनाक्रम बघा.

संविधान सभेत लीगचे नेते होते चौधरी खलिकुझ्झमान, लखनौचेच. १९४० च्या लाहोर ठरावाला, म्हणजे पाकिस्तानच्या मागणीला, अनुमोदन देणारे ते हेच. फाळणीनंतर काही महिन्यांत ते पाकिस्तानला निघून गेले. ज्यांनी पाकिस्तान मागितलं ते तिकडे गेले, आणि मागे उरलेल्या अनुयायांचं काय करायचं हा प्रश्न ज्यांच्या पदरात पडला त्यांत बाई होत्या. त्या गटाच्या उपनेत्या होत्या, खलिकुझ्झमान गेल्यावर नेतृत्व त्यांच्याकडे आलं.

संधीच साधायची असती तर कराची काय वाईट होतं? नवाबी नाव, लीगमधली ज्येष्ठता, उपसभापतिपदाचा अनुभव. तिकडे स्त्रियांची वानवाच होती, बोरूबहाद्दरांनी वर लिहिलंच आहे. त्या संडीलात राहिल्या.

पानगळ

राहिल्या हे खरं. त्याबद्दल दुमत नाही. पण लीगमध्ये असताना त्या वेगळ्या मतदारसंघांबद्दल काय करत होत्या, हा प्रश्न राहतोच.

खवय्या_नं_१

संडीला म्हटल्यावर कोणी लाडवांचा विषय कसा काढला नाही? लखनौ-हरदोई रेल्वेवरचं स्टेशन आहे ते. तिथे लाडू मातीच्या मडक्यात घालून विकत. अवधात संडीलाचे लाडू म्हणजे जवळपास म्हण झालेली आहे.

टिकली

आलेच! संविधान सभेतून थेट मडक्यात.

निवृत्त_मास्तर

चर्चा चांगली चालली आहे. फक्त 'राखीव जागा' आणि 'विभक्त मतदारसंघ' यांची मिसळ होते आहे, ती आधी वेगळी करू. बाईंची भूमिका त्याशिवाय नीट कळत नाही.

विभक्त मतदारसंघ म्हणजे मुस्लिम उमेदवाराला फक्त मुस्लिम मतदार मत देणार. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांत हे आलं. १९१६ च्या लखनौ करारात काँग्रेसनेही मान्य केलं, आणि त्या करारात टिळक होते हे आपल्याकडे विसरलं जातं. याचा परिणाम असा की मुस्लिम उमेदवाराला हिंदू मतदाराच्या दारात जायचं कारणच उरत नाही, हिंदू उमेदवाराला मोहल्ल्यात जायचं नाही. प्रत्येकाने आपापल्या लोकांना जास्तीत जास्त तापवायचं.

राखीव जागा, संयुक्त मतदारसंघ म्हणजे उमेदवार ठरावीक समाजाचा, मतदार सगळे. हे आपल्याला पुणे करारामुळे माहीत आहे. १९३२ च्या सप्टेंबरात येरवड्यात जे झालं ते हेच : विभक्त मतदारसंघ गेले, त्याऐवजी १४८ राखीव जागा आल्या. बाबासाहेबांना ही तडजोड किती बोचत होती ते त्यांच्या लिखाणात जागोजागी दिसतं. १९४७ साली दिलेल्या निवेदनातही त्यांनी अनुसूचित जातींसाठी विभक्त मतदारसंघांची मागणी ठेवली होती. कारण साधं : संयुक्त मतदारसंघात राखीव जागेवरचा माणूस बहुसंख्यांना चालणारा निघतो.

आता संविधान सभेत. ऑगस्ट १९४७ मध्ये विभक्त मतदारसंघ फेटाळले गेले, पण मुस्लिमांसाठी राखीव जागा ठेवायचं तेव्हा ठरलं होतं. म्हणजे पुणे कराराचाच साचा. नंतर सल्लागार समितीत हा विषय पुन्हा निघाला, आणि २५ व २६ मे १९४९ ला सरदार पटेलांनी मांडलेल्या अहवालावर सभेत चर्चा झाली : धार्मिक अल्पसंख्यांच्या राखीव जागाही काढून टाकाव्यात. मद्रासचे महंमद इस्माईल यांनी उलट दुरुस्ती मांडली, विभक्त मतदारसंघच हवेत म्हणून. झेड. एच. लारी राखीव जागांच्या बाजूचे नव्हते, पण त्यांचं म्हणणं होतं की मग बहुसदस्यीय मतदारसंघ करा आणि मतदाराला आपली मतं एकाच उमेदवारावर एकवटू द्या, म्हणजे विखुरलेल्या अल्पसंख्यांनाही माणूस निवडता येईल. बिहारचे तजम्मुल हुसेन म्हणाले, काहीच नको. बेगम एजाज रसूल त्याच बाजूच्या.

पानगळताई, म्हणजे त्या दिवशी लीगच्या बाकांवर एकच मत नव्हतं, तीन मतं होती. ऐन अडचणीच्या वेळी ही माणसं एकमेकांशी जाहीर भांडत होती. मला ती दोन दिवसांची चर्चा फार मोलाची वाटते. लारी पुढच्याच वर्षी पाकिस्तानला गेले.

हिरवा_चाफा

मास्तर, दंडवत. वाचनखूण साठवली आहे.

कायद्याचं_बोला

लारींची सूचना किती आधुनिक होती! प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची चर्चा आपल्याकडे आजही 'फार किचकट आहे बुवा' म्हणून संपते.

रफू

मी इथे वाचते जास्त, लिहिते कमी. आज लिहिते.

मी मुस्लिम आहे आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या एका नगरपालिकेत एक टर्म नगरसेविका होते. महिला राखीव वॉर्ड. खरं सांगायचं तर तिकीट मला नाही, माझ्या मिस्टरांना मिळायचं होतं. सोडतीत वॉर्ड महिलांचा निघाला आणि पुढाऱ्यांनी घरी येऊन सांगितलं, "वहिनींचा फॉर्म भरा." मला कोणी विचारलंसुद्धा नाही. पहिलं वर्ष सभेत मी मागच्या बाकावर बसायचे आणि मिस्टर बाहेर पायरीवर. लोक त्यांनाच नगरसेवक म्हणायचे.

दुसऱ्या वर्षी आमच्या भागात गटाराचं पाणी नळाच्या पाण्यात शिरलं, मुलं आजारी पडली. बायका माझ्याकडे आल्या. मिस्टरांकडे नाही, माझ्याकडे, कारण असल्या गोष्टी बाई बाईलाच सांगते. त्या महिन्यात मी पहिल्यांदा सभेत उभी राहून बोलले. पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरला लाइनचा नकाशा मागितला. नकाशाच नव्हता त्यांच्याकडे! तिथून पुढे मिस्टर पायरीवर बसायचे बंद झाले.

तर माझं म्हणणं असं की बेगमसाहेबांना राखीव जागा नको वाटली, कारण त्यांच्या मागे वडील होते, घर होतं, इंग्रजी होतं. मला राखीव जागा मिळाली नसती तर मी आजही घरात शिवणकाम करत असते. (करतेच म्हणा, आयडी उगाच नाही घेतला.) पण मला जागा मिळाली ती बाई म्हणून, मुसलमान म्हणून नाही. मुसलमान म्हणून वेगळी जागा मिळाली असती तर शेजारच्या हिंदू बायका माझ्याकडे पाण्याची तक्रार घेऊन आल्या असत्या का? हे मला खरंच ठरवता येत नाही. त्यामुळे मला बाई अर्ध्या पटतात.

टिकली

रफूताई, आत्तापर्यंतचा धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. उभं राहून टाळ्या.

सातबारा

आपा, माझी चिकनवाली सापडली म्हणायची. हेच मला विचारायचं होतं.

रफू

@सातबारा, चिकन नाही हो, मी फॉल-बिडिंग करते. पण धन्यवाद.

सेंटर_हाफ

राजकारणातलं मला कळत नाही. पण बेगम रसूल हे नाव मी पन्नास वर्षांपूर्वीपासून ऐकत आलोय, ते हॉकीमुळे. भारतीय महिला हॉकी संघटनेच्या त्या वर्षानुवर्षं अध्यक्ष होत्या, आशियाई महिला हॉकी महासंघाचंही अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं. त्यांच्या नावाचा करंडकसुद्धा आहे. ऑलिंपिकमध्ये महिला हॉकी पहिल्यांदा आली १९८० ला मॉस्कोत, आपला संघ चौथा आला. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये सुवर्ण. त्याआधी मुलींच्या हॉकीकडे कोण ढुंकून बघत होतं? स्कर्ट घालून मुली मैदानात पळणार म्हटल्यावर बऱ्याच घरांत नाकं मुरडली जायची. अशा वेळी संघटनेच्या खुर्चीत एक खानदानी, वयस्कर बेगम बसलेली असली की पालकांचं अर्धं भय जात असणार.

बोरूबहाद्दर

सेंटर हाफ, ही बाजू कोणालाच सुचली नसती. गोषात ठेवलेली सून ते हॉकी संघटनेची अध्यक्ष! त्यांनी आत्मचरित्र लिहिलंय, ते मराठीत यायला हवं.

भटकभवानी

यानिमित्ताने पुढची साखळीही बघू. आसामच्या सय्यदा अन्वरा तैमूर, डिसेंबर १९८० ते जून १९८१ मुख्यमंत्री. कुठल्याही राज्याच्या पहिल्या मुस्लिम महिला मुख्यमंत्री. परदेशी नागरिकांविरुद्धचं आंदोलन पेटलेलं असताना आसामची गादी म्हणजे निखारेच. त्यानंतर पुढची मुस्लिम महिला मुख्यमंत्री व्हायला २०१६ उजाडलं, काश्मीरच्या मेहबूबा मुफ्ती.

मोहसिना किडवई, यांची तर गोष्टच भारी. १९७७ ला उत्तर प्रदेशात काँग्रेस भुईसपाट झालेली, इंदिराबाईसुद्धा पडलेल्या, आणि पुढच्याच वर्षी आझमगढच्या पोटनिवडणुकीत किडवईबाई इंदिरा काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आल्या. राखीव जागा नाही, विभक्त मतदार नाहीत.

नजमा हेपतुल्ला तर महाराष्ट्रातूनच १९८० मध्ये राज्यसभेवर गेल्या, आणि राज्यसभेचं उपसभापतिपद त्यांनी सोळाएक वर्षं सांभाळलं. आता इथल्या किती जणांना त्या 'आपल्या' खासदार म्हणून आठवतात?

कायद्याचं_बोला

महाराष्ट्राचा विषय निघालाच आहे तर निवडणुकीबाहेरचं एक सांगतो. १८ एप्रिल १९६६, हमीद दलवाईंनी मुंबईत विधिमंडळावर नेलेला मोर्चा. सात मुस्लिम बायका, मागणी तोंडी तलाकबंदीची. सात! आज सात माणसांचा मोर्चा म्हटला तर पेपरात दोन ओळी येणार नाहीत, आणि त्याच्याबद्दल आपण साठ वर्षांनी बोलतोय. त्या सातजणींना फतव्याचं भय बेगमांपेक्षा कमी नव्हतं, पाठीशी तालुका मात्र नव्हता.

सातबारा

हे! हेच मी पहिल्या प्रतिसादापासून म्हणतोय.

राष्ट्रप्रथम_७७

*(हा प्रतिसाद संपादित केला आहे.)*

संपादक मंडळ

धाग्याचा विषय बेगम एजाज रसूल हा आहे. आजच्या पक्षांची उणीदुणी काढायला दुसरे धागे आहेत. दोन प्रतिसाद काढून टाकले आहेत.

टिकली

मी पॉपकॉर्न घेऊन यायच्या आत संपलं पण.

उंटावरचा_शहाणा

राखून ठेवलेली जागा भरायला आलो. संध्याकाळचं म्हटलं होतं, कुठल्या दिवशीची ते सांगितलं नव्हतं.

बाईंचा निर्णय बाजूला ठेवून आधी त्या सभागृहातल्या इतर बायका बघा. हंसाबेन मेहतांनी १९४६ च्या डिसेंबरातच सांगून टाकलं होतं की आम्ही सवलती मागितलेल्या नाहीत, आम्हाला न्याय आणि समता हवी. रेणुका राय तर स्त्रियांच्या राखीव जागांच्या सरळ विरोधात बोलल्या. पूर्णिमा बॅनर्जी तेवढं म्हणाल्या की एखादी स्त्री सदस्य गेली तर तिच्या जागी स्त्रीच यावी. म्हणजे 'आम्हाला राखीव नको, आम्ही बरोबरीने येऊ' हा त्या पिढीचा स्वाभिमान होता. बेगमसाहेब त्याच मुशीतल्या. त्यांनी मुस्लिम म्हणून तेच म्हटलं जे या बायका बाई म्हणून म्हणत होत्या.

बरं, पुढे काय झालं? स्त्रियांच्या बाबतीत आपण मान्य केलं की नुसत्या स्वाभिमानाने भागत नाही. १९९३ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली, पंचायत आणि नगरपालिकांत एक तृतीयांश जागा आल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये पन्नास टक्के केल्या. २०२३ ला लोकसभा-विधानसभांसाठीही कायदा झाला. मुस्लिमांच्या बाबतीत मात्र तो १९४९ चा निर्णय कायम राहिला. २०२४ च्या लोकसभेत मुस्लिम स्त्रिया किती निवडून आल्या? दोन. कैरानातून इक्रा हसन आणि उलुबेरियातून साजदा अहमद. ५४३ पैकी दोन. बाईंनी बहुसंख्यांच्या सद्भावनेवर विश्वास टाकला होता. विश्वास टाकणारी चुकली की ज्यांच्यावर टाकला ते, याचं उत्तर ज्याने त्याने द्यावं. माझं उत्तर दुसरं.

पानगळ

उंटराव, यात पक्ष सगळेच आले ना? तिकीट न देणारे सगळ्याच रंगांचे आहेत. त्याचं खापर 'बहुसंख्यांवर' फोडणं सोपं आहे. आणि मुस्लिम समाजातल्या पुढाऱ्यांनी बायकांना किती पुढे केलं? फतवा काढणारे बाहेरचे नव्हते.

उंटावरचा_शहाणा

@पानगळ, हो, फतव्याचा हिशेब वेगळा. तोही मांडायलाच हवा.

निवृत्त_मास्तर

मूळ प्रश्नाकडे यायचं तर 'धाडस, सोय की चूक' यात एक चौथा रकाना हवा : दुसरा इलाज होता का? मे १९४९ चं वातावरण डोळ्यांसमोर आणा. फाळणीच्या कत्तलींना दोन वर्षं झालेली नाहीत, गांधीजींना जाऊन सव्वा वर्ष. निर्वासितांचे लोंढे दिल्लीत अजून तंबूंत. उत्तर प्रदेशातल्या जवळपास प्रत्येक मुस्लिम घरातला कोणी ना कोणी सीमेपलीकडे गेलेला. त्या परिस्थितीत लीगच्या माणसाने वेगळं काही मागणं म्हणजे आणखी एका फाळणीची मागणी अशीच ऐकली जाणार होती. महंमद इस्माईल मद्रासचे होते, तिथे फाळणीची झळ तेवढी नव्हती, ते मागू शकले. लखनौच्या बाईंना ते परवडणारं नव्हतं.

पण म्हणून ती नुसती शरणागती होती असंही मी म्हणणार नाही. राखीव जागा ठेवल्या असत्या तर संयुक्त मतदारसंघात त्या जागांवर बहुतेक ठिकाणी मोठ्या पक्षांना सोयीची माणसं आली असती, आणि उरलेल्या सगळ्या जागांवर मुस्लिम उमेदवाराला 'तुमच्या जागा आहेत ना तिकडे' म्हणून वाटेला लावलं असतं. बाईंनी हा हिशेब केला होता. ज्याच्या मताची गरज आहे त्याच्याशी नेत्याला नीट वागावंच लागतं, आणि मतं एकत्र असली तर मुस्लिम मताची गरज प्रत्येकाला पडेल, हा त्यांचा डाव होता. काही दशकं काही राज्यांत तो चाललाही. आज अनेक मतदारसंघांत मुस्लिम मताविनाही निवडणूक जिंकता येते, तेव्हा तो डाव बसत नाही. आजची तऱ्हा पाहून १९४९ च्या बाईंना नापास करायला माझा हात धजत नाही.

पानगळताईंचा जुना प्रश्नही राहिला आहे. विभक्त मतदारसंघांचा फायदा १९४६ पर्यंत लीगमधल्या सगळ्यांनाच झाला, बाईंनाही. संविधान सभेवर त्यांची निवड झाली तीच मुळी मुस्लिम सदस्यांनी निवडायच्या जागेवरून. ज्या शिडीने वर चढल्या तीच त्यांनी नको म्हटली. याला दुटप्पीपणा म्हणा किंवा अनुभवातून आलेलं मत म्हणा. मी दुसऱ्या बाजूचा.

पानगळ

मास्तर, शिडीचं पटलं. माझा 'संधिसाधू' निम्मा मागे. निम्मा ठेवते.

कायद्याचं_बोला

एक शंका. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा त्याच सभेने ठेवल्या. मग 'राखीव जागा फूट पाडतात' हे तत्त्व तिथे का नाही लावलं?

हिरवा_चाफा

@कायद्याचं_बोला, कारण तिथे प्रश्न अस्पृश्यतेचा आणि शतकांच्या बहिष्काराचा मानला गेला, धर्माचा नाही. शिवाय त्या जागांना सुरुवातीला दहा वर्षांची मुदत होती, ती दर वेळी वाढत आली. मुदत घालून मुस्लिमांनाही जागा दिल्या असत्या तर काय झालं असतं, यावर वेगळा धागा होईल.

खवय्या_नं_१

इतकं गंभीर झालंय की लाडवांची पाककृती टाकायला संकोच वाटतोय.

टिकली

टाका हो. मडकं आम्ही आणतो.

कोरांटी

सगळ्यांचे आभार. मला वाटलं होतं आठ-दहा प्रतिसाद येतील.

मास्तरांच्या चौथ्या रकान्यावर मी थांबले आहे, पण सगळ्यात जास्त डोक्यात राहिलं ते रफूताईंचं 'बाई म्हणून मिळाली, मुसलमान म्हणून नाही'. रफूताई, पुढच्या टर्मला उभ्या राहिलात का?

रफू

नाही. पुढच्या वेळी वॉर्ड सर्वसाधारण निघाला. मग पुढारी पुन्हा घरी आले आणि मिस्टरांना म्हणाले, "आता वहिनींना आराम द्या."

मिस्टर म्हणाले, मी नाही उभा राहणार, नकाशा कुठे आहे ते मला माहीत नाही. पक्षाने मग तिसऱ्यालाच तिकीट दिलं. मी चिडून अपक्ष फॉर्म भरला आणि पडले. पण दोन नंबरला होते बरं का! डिपॉझिट वाचलं.

आता परत सोडत होईल. वॉर्ड काहीही निघो, फॉर्म भरणार आहे.

सातबारा

आपा, प्रचारपत्रक लिहायला माणूस लागला तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फुकट लिहून देतो. फोटो मात्र तुमचाच मोठा छापायचा, पुढाऱ्यांचे गोल गोल फोटो वर अजिबात नकोत.